रॅटच्या यकृत-केंद्रकांत हार्मोनचा परिणाम दिसत नाही : समस्या निवारण

रॅटला डेक्सामेथासोन (कृत्रिम ग्लुकोकॉर्टिकॉइड हार्मोन) दिले, तासाभराने यकृत काढले, पेशींची केंद्रके (डीएनए असलेला भाग) वेगळी केली, ब्लॉट केला (जेलवर वेगळी झालेली प्रथिने अँटिबॉडीने ओळखली), आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचा (हे हार्मोन धरणाऱ्या प्रथिनाचा) बँड कंट्रोलमध्येही, म्हणजे हार्मोन न दिलेल्या प्राण्यांतही, तेवढाच ठळक आला. किंवा दोन्हीकडे आलाच नाही. नागपुरातल्या प्रयोगशाळांमध्ये ही तक्रार दरवर्षी येते आणि बहुतेकदा मार्च ते जून या काळातच येते. अशा वेळी पहिली धाव नव्या अँटिबॉडीकडे जाते. अँटिबॉडी सगळ्यात महाग, तिची वाट महिनाभर पाहावी लागते आणि दोष तिचा क्वचितच असतो. आपल्याकडे दोष बहुधा उष्णतेचा असतो. ती प्राणिगृहातून, ट्रिस बफरमधून (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातून), होमोजिनेटमधून (यकृत दळून केलेल्या द्रवातून) आणि सेंट्रिफ्यूजच्या न थंडावलेल्या रोटरमधून (नळ्या फिरवणाऱ्या भागातून) आत शिरते. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो. तो मोडू नका, कारण आधीची तपासणी चुकलेली असेल तर पुढच्या तपासणीचे उत्तर विश्वासाचे राहत नाही.

लक्षणे

- कंट्रोल आणि हार्मोन दिलेला गट यांच्या केंद्रकांत रिसेप्टर सारखाच, आणि दोन्हीकडे भरपूर.
- दोन्हीकडे रिसेप्टर नगण्य, पण पेशीद्रवात (सायटोसोलमध्ये) भरपूर.
- सुमारे ९४ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) बँडऐवजी खाली दोन-तीन तुकडे किंवा नुसता फराटा.
- केंद्रकांचा पेलेट (फिरवल्यावर नळीच्या तळाशी बसलेला थर) तपकिरी किंवा लालसर. स्वच्छ पेलेट पांढरा ते करडा असतो.
- पेलेट पिपेटला चिकटणारा, तार सुटणारा, बुळबुळीत गोळा.
- पेलेटखाली पारदर्शक, टणक चकती.
- ५० आणि २५ किलोडाल्टनला ठळक बँड, अँटिबॉडी कोणतीही असो.
- डिसेंबर-जानेवारीत जमलेला प्रयोग होळीनंतर त्याच हातांनी, त्याच कृतीने बिघडतो.

शेवटचे लक्षण असेल तर पहिल्या चार तपासण्यांतच उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे.

१. कागदावरची तपासणी : फरक दिसायलाच हवा का?

खर्च शून्य. हार्मोन कोणते आणि त्याचा रिसेप्टर मुळात कुठे राहतो, हे आधी लिहून काढा. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर हार्मोन नसताना मुख्यतः पेशीद्रवात, एचएसपी-९० या साथीदार प्रथिनासोबत बांधलेला असतो. हार्मोन बसले की तो केंद्रकात जातो. त्यामुळे इथे केंद्रकातले प्रमाण वाढायला हवे.

थायरॉइड हार्मोनचे तसे नाही. त्याचा रिसेप्टर (यकृतात मुख्यतः बीटा-१ प्रकार) टी-३ (थायरॉइडचे सक्रिय हार्मोन) असो वा नसो, केंद्रकातच क्रोमॅटिनला (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याला) धरून असतो. टी-३ दिल्यावर केंद्रकातला रिसेप्टर वाढला नाही, तर त्यात काही बिघडलेले नाही, प्रश्नच चुकीचा विचारला गेला आहे. तिथे परिणाम शोधायचा तो मॅलिक एन्झाइम किंवा माइटोकॉन्ड्रियातील ग्लिसरॉल-३-फॉस्फेट डिहायड्रोजनेज वाढले का यात, आणि तोही तासाभराने नाही, एक-दोन दिवसांनी. इस्ट्रोजेन रिसेप्टरही मुख्यतः केंद्रकातच असतो, पण हार्मोन नसताना सैल बांधलेला असल्याने होमोजिनाइज करताना पेशीद्रवात गळतो. त्यामुळे तिथे दिसणारा 'स्थलांतराचा' फरक फसवा असू शकतो.

ग्लुकागॉनचा परिणाम बघत असाल तर रिसेप्टर पेशीपटलावर असतो. केंद्रकात पोहोचतो तो सायक्लिक एएमपीचा संदेश. लँगन यांनी १९६९ मध्ये रॅटच्या यकृतात ग्लुकागॉन दिल्यावर एच-१ हिस्टोनचे (डीएनएला बांधलेल्या प्रथिनाचे) फॉस्फोरिलेशन (त्याला फॉस्फेट गट जोडले जाणे) वाढते हे दाखवले होते. हा बदल बघायचा तर सोडियम फ्लोराइड, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट यांसारखे फॉस्फटेज रोधक पहिल्या बफरपासून हवेत. नंतर घालून उपयोग नाही, कारण फॉस्फेट गट यकृत चिरल्याबरोबर सुटू लागतात.

२. कंट्रोल प्राणी खरेच कंट्रोल आहेत का?

या तपासणीलाही पैसे लागत नाहीत, पण सगळ्यात जास्त प्रयोग इथेच फसतात, म्हणून इथे वेळ द्या.

रॅटच्या अधिवृक्क ग्रंथी (अ‍ॅड्रिनल) स्वतःचे कॉर्टिकोस्टेरॉन बनवतात. ते वाढले की तुम्ही काही दिले नसतानाही रिसेप्टर केंद्रकात जाऊन बसतो. मग बाहेरून डेक्सामेथासोन देऊन आणखी काय वाढणार? 'दोन्हीकडे सारखा आणि भरपूर' या लक्षणाचे मूळ बहुधा हेच.

कॉर्टिकोस्टेरॉन वाढवणाऱ्या गोष्टी एकेक तपासा.

उष्णता. प्राणिगृहाचे तापमान २० ते २५ अंशांत राहायला हवे. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते आणि नवतप्यात (मे अखेरच्या सर्वात तापत्या दिवसांत) रात्रीही भिंती तापलेल्या राहतात. एसी बंद पडला आणि कूलरवर भागवले, तर प्राणी उष्णतेच्या ताणाखाली असतात. कूलर कोरड्या एप्रिलमध्ये थोडे काम करतो, पण आर्द्रता वाढवतो, आणि पाऊस सुरू झाला की त्याचा थंडाव्यासाठी उपयोग उरत नाही. प्राणिगृहात किमान-कमाल तापमापक टांगा आणि मागच्या ७ दिवसांची नोंद बघा. दिवसा ११ वाजता घेतलेली एक नोंद पुरेशी नाही. रात्री २ वाजता वीज गेली होती का, ते किमान-कमाल तापमापकच सांगतो.

वेळ. रॅट निशाचर आहे. त्याचे कॉर्टिकोस्टेरॉन सकाळी नीचांकी आणि संध्याकाळी, दिवे मावळण्याच्या सुमारास, उच्चांकी असते. दिवे सकाळी ६ ला लागत असतील तर प्राणी ८ ते १० च्या दरम्यान घ्या. सगळे कंट्रोल सकाळी आणि सगळे हार्मोनचे दुपारी, असा क्रम कधीही ठेवू नका. आलटून-पालटून घ्या.

हाताळणी. पिंजरा उघडल्यापासून साधारण ३ मिनिटांनंतर रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन चढू लागते. शेजारचा प्राणी उचलला की पिंजऱ्यातल्या बाकीच्यांचेही चढते. प्राणी ज्या खोलीत ठेवले आहेत तिथेच दुसऱ्याला मारू नका.

इंजेक्शन. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कंट्रोलला दिलेले नुसते सलाइनसुद्धा ताण देते, आणि त्या ताणाचे कॉर्टिकोस्टेरॉन साधारण अर्ध्या तासाने शिखरावर असते. तुम्ही नेमके ३० मिनिटांनी यकृत काढत असाल तर कंट्रोलचे केंद्रक भरलेले मिळणारच. उपाय सोपा पण चिकाटीचा आहे : प्रयोगाआधी ५ ते ७ दिवस रोज त्याच वेळी, त्याच व्यक्तीने प्राणी हातात घ्यावेत आणि इंजेक्शनसारखे धरावेत. एक गट असा ठेवा की ज्याला काहीच टोचलेले नाही. तो गट आणि सलाइन गट यांत फरक आला, तर उत्तर मिळाले.

उपवास. ग्लायकोजेन कमी व्हावे म्हणून रात्रभर उपाशी ठेवायची पद्धत आहे. पण उपवासाने ग्लुकागॉन आणि कॉर्टिकोस्टेरॉन वाढते, इन्शुलिन उतरते. म्हणजे हार्मोनचा प्रयोग तुम्ही सुरू करण्याआधीच सुरू झालेला असतो. उपाशी ठेवायचे तर सर्व गट सारखेच तास, आणि पाणी कायम समोर.

डोसही एकदा मोजून बघा. १ मिलिग्रॅम प्रति किलो या हिशेबाने २०० ग्रॅमच्या रॅटला ०.२ मिलिग्रॅम लागते. ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या इंजेक्शनमधून ते फक्त ०.०५ मिलिलिटर होते, आणि एवढे अचूक टोचता येत नाही. १० पट सलाइनने पातळ करून ०.५ मिलिलिटर द्या. डेक्सामेथासोन सोडियम फॉस्फेट पाण्यात विरघळते, साधे डेक्सामेथासोन विरघळत नाही. ते इथेनॉलमध्ये विरघळवून पातळ केले असेल तर तेवढेच इथेनॉल कंट्रोललाही हवे.

३. ट्रिसचा पीएच कोणत्या तापमानाला जुळवला?

पाच मिनिटांचे काम. तापमान १ अंशाने उतरले की ट्रिसचा पीएच सुमारे ०.०२८ ने चढतो. २५ अंशांना ७.५ जुळवलेला बफर ४ अंशांना ८.१ होतो. आपल्याकडे मे महिन्यात प्रयोगशाळेत ३८ अंश असताना ७.५ जुळवला, तर शीतकपाटात तो ८.४ च्या पुढे जातो. अशा पीएचला पीएमएसएफ (प्रथिने तोडणारी प्रोटिएज एन्झाइमे रोखणारे रसायन) झपाट्याने निकामी होते, डीटीटी (प्रथिनांचे ऑक्सिडेशन रोखणारे रसायन) लवकर ऑक्सिडाइझ होते आणि केंद्रके फुगतात. हिवाळ्यात जमलेली कृती उन्हाळ्यात का बिघडते, याचे एक साधे कारण हे.

पीएच मीटरमधले 'तापमान भरपाई'चे बटण इथे वाचवत नाही. ते इलेक्ट्रोडचा उतार दुरुस्त करते, बफरचा पीएच नाही. बफर बर्फात ठेवून ४ अंशांनाच ७.५ जुळवा. ते जमत नसेल तर २५ अंशांना ६.९ ठेवा. किंवा ट्रिस सोडून हेपिस वापरा, त्याचा बदल अंशाला सुमारे ०.०१४, म्हणजे निम्माच असतो.

४. पाणी, मॅग्नेशियम, ईडीटीए

विदर्भातल्या बेसॉल्टमधून येणारे बोअरवेलचे पाणी जड असते. डीआयोनायझरची रेझिन संपली की कॅल्शियम बफरमध्ये उतरते. कॅल्शियमने केंद्रके एकमेकांना चिकटतात, आणि कॅल्शियमवर चालणारी एंडोन्यूक्लिएज (डीएनए तोडणारे एन्झाइम) आणि कॅल्पेन ही प्रोटिएज जागी होतात. कंडक्टिव्हिटी मीटरवर २ मायक्रोसीमेन्सच्या वर आकडा गेला तर ते पाणी वापरू नका.

केंद्रकांसाठीचा टीकेएम बफर असा : ट्रिस ५० मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड २५, मॅग्नेशियम क्लोराइड ५. लिटरला ६.०६ ग्रॅम, १.८६ ग्रॅम आणि १.०२ ग्रॅम (हेक्साहायड्रेट). यातला मॅग्नेशियम क्लोराइड हवेतले पाणी ओढतो. जुलै-ऑगस्टमध्ये उघडी राहिलेली बाटली ओलसर गोळे धरते. मग १.०२ ग्रॅम तोलले तरी मॅग्नेशियम कमीच पडते. नवी बाटली उघडली की त्याच दिवशी सगळ्याचे १ मोलर द्रावण करून ठेवा.

मॅग्नेशियम कमी पडले, किंवा कोणी सवयीने ईडीटीए (मॅग्नेशियम, कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन) घातले, की क्रोमॅटिन सैल होते, केंद्रके फुटतात आणि डीएनए बाहेर येऊन तार सुटणारा गोळा होतो. प्रोटिएज रोधकांचे तयार मिश्रण घेतले असेल तर ते ईडीटीएविरहित आहे का, ते लेबलवर बघा. हा दोष फार वेळा आढळतो. उलट १० मिलिमोलरच्या वर मॅग्नेशियम गेले की केंद्रके गठ्ठ्याने चिकटतात आणि त्यांच्यासोबत पेशीपटलांचे तुकडेही येतात.

५. साखरेचे द्रावण खरेच २.३ मोलर आहे का?

ब्लोबेल आणि पॉटर यांची १९६६ ची पद्धत आजही बहुतेक जण वापरतात : ०.२५ मोलर सुक्रोज-टीकेएममध्ये होमोजिनेट करायचे, त्यात दुप्पट आकारमानाने २.३ मोलर सुक्रोज-टीकेएम मिसळायचे (मिश्रण १.६२ मोलर होते), खाली २.३ मोलरचा थर द्यायचा आणि सुमारे १,२४,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) वर ३० मिनिटे फिरवायचे. केंद्रके घन असल्याने खाली बसतात, बाकी सगळे वर अडकते. हा सगळा चाळणीचा खेळ २.३ या आकड्यावर उभा आहे.

नेहमीची चूक अशी : ७८७ ग्रॅम साखर १ लिटर पाण्यात टाकली जाते. तसे केल्यास द्रावण जेमतेम १.५ मोलर होते आणि केंद्रकांसोबत खरखरीत एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम आणि इतर अंगकेही खाली येतात. पेलेट तपकिरी दिसतो. १ लिटर अंतिम आकारमानात ७८७ ग्रॅम हवी.

आकारमानाऐवजी वजनाने बनवा, म्हणजे खोलीच्या तापमानाचा प्रश्नच उरत नाही. १०० मिलिलिटरसाठी ७८.७ ग्रॅम सुक्रोज आणि ५०.५ ग्रॅम द्रव (१० पट टीकेएम १० मिलिलिटर आणि बाकी पाणी). साखर आधी नुसत्या पाण्यात, ५० अंशांच्या आसपास ढवळून विरघळवा, टीकेएम नंतर घाला. उकळू नका. रात्रभर शीतकपाटात ठेवा.

पडताळणीसाठी ब्रिक्स (वजनाने टक्के साखर) मीटर पुरते. संत्र्याच्या रसाच्या उद्योगात वापरतात तेच हातातले रिफ्रॅक्टोमीटर, फक्त वरच्या पल्ल्याचे. २.३ मोलर म्हणजे सुमारे ६१ ब्रिक्स. ५९ च्या खाली किंवा ६२ च्या वर आकडा आला तर द्रावण टाकून द्या. फार घट्ट झाले तर केंद्रके थराच्या सीमेवरच पांढऱ्या पट्ट्यात अडकून राहतात. मिसळतानाही घाई करू नका. होमोजिनेट आणि घट्ट साखर यांच्यात शिरा दिसेनाशा होईपर्यंत नळी उलटी-सुलटी करा.

६. बर्फ, वेळ आणि पीएमएसएफ

यकृत काढल्यापासून पहिल्या बफरपर्यंत २ मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. शक्य असल्यास पोर्टल शिरेतून थंड ०.९ टक्के सलाइन सोडून यकृत फिकट होईपर्यंत रक्त धुऊन काढा. रक्त राहिले तर ग्लोबिनचा १५-१६ किलोडाल्टनचा बँड हिस्टोनच्या रांगेत येऊन बसतो, आणि रॅटचे इम्युनोग्लोब्युलिन ५० व २५ किलोडाल्टनला दिसते. उंदीर-विरोधी (अँटि-माउस) दुय्यम अँटिबॉडी रॅटच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही धरते. प्राथमिक अँटिबॉडी न घालता एक पट्टी चालवा. बँड तरीही आले तर त्यांचा तुमच्या प्रथिनाशी संबंध नाही.

बाजारातली बर्फाची लादी फोडून नुसते मोठे तुकडे भरले, तर नळीला बर्फ चार ठिकाणीच टेकतो आणि मधल्या फटीत खोलीची हवा असते. बर्फ बारीक फोडा आणि त्यात थोडे पाणी घाला. मीठ घालू नका, नळीच्या भिंतीला लागून ऊती गोठते आणि केंद्रके फुटतात.

होमोजिनेट थंड ठेवायचे ते नुसते प्रथिनांचे तुकडे टाळण्यासाठी नाही. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला हार्मोन बसलेले असेल आणि द्रव २५ अंशांना अर्धा तास राहिला, तर रिसेप्टर नळीतच सक्रिय होतो आणि डीएनएला चिकटतो. प्राण्याच्या शरीरात जे घडले नव्हते ते तुमच्या टेबलावर घडते. ३८ अंशांच्या खोलीत, कूलरच्या झोतात, उघड्या होमोजिनायझरमध्ये १० मिनिटांतही द्रव चांगलाच तापतो. होमोजिनेटमध्ये तापमापक बुडवून एकदा बघाच. ६ अंशांच्या वर गेला तर काम शीतखोलीत हलवा. होमोजिनेट बफरमध्ये १० मिलिमोलर सोडियम मोलिब्डेट घातले तर हे नळीतले सक्रियीकरण रोखले जाते. मोलिब्डेट घातल्यावर कंट्रोलचा बँड फिका पडला आणि हार्मोन गटाचा टिकला, तर दोष तापमानाचाच होता.

पॉटर-एल्वेहेम होमोजिनायझरमध्ये सैल बसणारा टेफ्लॉन दट्ट्या, १,००० फेऱ्यांच्या आत, ८ ते १० वेळा वर-खाली. फेस आला म्हणजे हवा ओढली जाते आणि प्रथिने बिघडतात. नंतर मलमलीच्या ४ घड्यांतून गाळा. नागपूरच्या इतवारी बाजारात मिळणारी साधी मलमल चालते, पण तिची खळ उकळून धुऊन काढलेली हवी.

पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. २५ अंशांना पीएच ७.५ ला त्याचे अर्धायुष्य तासाभराच्या आत, पीएच ८ ला सुमारे ३५ मिनिटे. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरले तर ते नसल्यातच जमा. निर्जल आयसोप्रोपॅनॉलमध्ये १०० मिलिमोलर (मिलिलिटरला १७.४ मिलिग्रॅम) द्रावण ठेवा आणि प्रत्येक पायरीला, ऐन वेळी, ०.५ ते १ मिलिमोलर होईल एवढे ढवळत घाला. ते विषारी आहे : पूड तोलताना हातमोजे, मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

७. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब

ब्लॉटवर दोन दिवस घालवण्याआधी पेलेटचा एक थेंब मिथिलीन ब्लूने रंगवून ४०० पट मोठा करून बघा. गोल, सुटी, मधे केंद्रकी (न्यूक्लिओलस) दिसणारी केंद्रके हवीत. भोवती निळ्या कडा, चिंध्या दिसल्या तर पेशीद्रव आणि पटले सोबत आली आहेत. अख्ख्या पेशी दिसल्या तर होमोजिनायझेशन अपुरे आहे. धुरकट, कडा नसलेली केंद्रके म्हणजे मॅग्नेशियमकडे परत जा.

पेलेटखाली टणक पारदर्शक चकती असेल तर ते ग्लायकोजेन. केंद्रके हलक्या हाताने बफरमध्ये उचला, चकती तशीच राहू द्या.

अस्वच्छ पेलेटचे आणखी एक कारण फिरवणे संपल्यावर घडते. नळीच्या तोंडाशी तपकिरी, घट्ट बूच जमलेले असते. त्यात माइटोकॉन्ड्रिया आणि पटले असतात. नळी तशीच उलटी केली तर ते भिंतीवरून ओघळून पेलेटवर येते. आधी बूच स्पॅचुलाने काढा, द्रव ओता, नळी उलटी धरूनच आतल्या भिंती टिश्यूने पुसा, मग सरळ करा.

८. मोजमाप : प्रथिनावर नाही, डीएनएवर

दोन गटांत 'सारखे प्रथिन' भरले तर एका गटातली पेशीद्रवाची भेसळ दुसऱ्याशी तुलना बिघडवते. नमुना डीएनएच्या हिशेबाने भरा. डायफिनाइलअमीनची रीत स्वस्त आहे, ६०० नॅनोमीटरला वाचायची. पण आधी सुक्रोज धुऊन काढा, साखर या रंगात लुडबूड करते. १ ग्रॅम यकृतात साधारण २ ते २.५ मिलिग्रॅम डीएनए असते. केंद्रकांत १ मिलिग्रॅमपेक्षा कमी मिळाले तर अर्ध्याहून अधिक केंद्रके वाटेत गेली. प्रथिन आणि डीएनए यांचे गुणोत्तर ५ च्या वर गेले तर भेसळ आहे.

भेसळ कशाची, हे पेशीद्रवासाठी लॅक्टेट डिहायड्रोजनेज आणि माइटोकॉन्ड्रियासाठी सक्सिनेट डिहायड्रोजनेज यांनी कळते. ग्लुकोज-६-फॉस्फटेज मात्र जपून वाचा. केंद्रकाच्या बाहेरच्या पटलावरही ते असते, म्हणून शून्य येणार नाही. ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० ने एकदा धुतल्यावर ते बाहेरचे पटल निघून जाते. ब्लॉटवर केंद्रकाची खूण म्हणून लॅमिन किंवा एच-३ घ्या. जीएपीडीएच (पेशीद्रवाची नेहमीची खूण) केंद्रकातही जाते, त्यामुळे 'पेशीद्रव नाही' हे सिद्ध करायला ते चालत नाही.

९. हार्मोन पोहोचले याचा स्वतंत्र पुरावा

जे सुपरनेटंट (पेलेटवरचा द्रव) फेकून देता, त्यात उत्तर आहे. ग्लुकोकॉर्टिकॉइडने यकृतातले टायरोसिन अमिनोट्रान्सफरेज ४ ते ६ तासांत कित्येक पट वाढते. टायरोसिन, अल्फा-कीटोग्लुटारेट आणि पायरिडॉक्सल फॉस्फेटसह ३७ अंशांना ठेवून, तीव्र अल्कलीने थांबवून ३३१ नॅनोमीटरला वाचायचे. महागडे काही लागत नाही. ५ तासांचा एक गट वेगळा ठेवा. हे एन्झाइम वाढले नाही तर डोस, औषधाची मुदत किंवा टोचणे चुकले आहे, आणि केंद्रकांवर आणखी मेहनत घेण्यात अर्थ नाही. कंट्रोलमध्येच ते चढलेले असेल तर तपासणी २ कडे परत जा.

१०. क्षार आणि निष्कर्षण

रिसेप्टर केंद्रकातून सोडवायला अंतिम ०.४ मोलर पोटॅशियम क्लोराइड लागते. 'अंतिम' हा शब्द महत्त्वाचा. १ मिलिलिटर पेलेटवर १ मिलिलिटर ०.४ मोलर ओतले की द्रावण ०.२ मोलर होते, आणि रिसेप्टर आतच राहतो. पेलेटचे आकारमान मोजा आणि त्या हिशेबाने घट्ट क्षार घाला. घालताना थेंबाथेंबाने, ढवळत. एकदम ओतले तर जिथे थेंब पडतो तिथली केंद्रके फुटून डीएनएचा गोळा होतो. बर्फावर ३० ते ६० मिनिटे, २० टक्के ग्लिसरॉल आणि ताज्या १ मिलिमोलर डीटीटीसह. उरलेला पेलेटही जेलवर चालवा. रिसेप्टर तिथेच सापडला तर निष्कर्षण अपुरे होते.

हिस्टोनसाठी वेगळी वाट : ०.२ मोलर सल्फ्युरिक आम्ल, ४ अंशांना. प्रोटिएजने आधी एच-१ तुटते, म्हणून १५ टक्के जेलवर ३० किलोडाल्टनच्या वरचा एच-१ चा बँड शाबूत आहे का हे आधी बघा. ब्रॅडफर्डने मोजत असाल तर हिस्टोनचा आकडा फुगून येतो, कारण तो रंग आर्जिनिनला जास्त धरतो.

इथपर्यंत सगळे बरोबर निघाले, तरच अँटिबॉडीवर संशय घ्या.

११. अधिवृक्क ग्रंथी काढलेले प्राणी

कंट्रोलचे कॉर्टिकोस्टेरॉन हाताळणीने उतरत नसेल तर शेवटचा उपाय म्हणजे ग्रंथी काढून टाकलेले रॅट. पिण्यासाठी ०.९ टक्के सलाइन द्यावेच लागते, कारण सोडियम धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉनही त्या ग्रंथींसोबत गेलेले असते. किमान ३ ते ७ दिवस थांबा आणि रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन मोजून खात्री करा, कारण ग्रंथीचा लहानसा तुकडा राहिला तरी कंट्रोल बिघडतो. असे प्राणी ताण सोसू शकत नाहीत. एप्रिल-मेमध्ये, प्राणिगृहाला जनरेटरचा आधार नसताना, हा प्रयोग घेऊ नका. एका रात्रीच्या वीजखंडाने ते दगावतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

शस्त्रक्रिया : प्राण्यांवरची ही शस्त्रक्रिया संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय करू नका, आणि मंजुरी असली तरी पहिल्यांदा व्हिडिओ बघून स्वतः करू नका. पशुवैद्यक शल्यतज्ज्ञ समोर हवा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे रीतसर पत्र देऊन विचारणा करा. मंजूर अर्जात डोस किंवा वेळ बदलायची असेल तर तोही बदल आधी समितीकडे न्यायचा.

अल्ट्रासेंट्रिफ्यूज : निर्वात होत नाही, तापमान ४ अंशांना उतरत नाही, कंपन जाणवते, किंवा रोटरवर खड्डा, चीर, रंग उडालेला डाग दिसतो. यातले एकही दिसले तर मशीन बंद करा, पाटी लावा आणि सेवा अभियंत्याला बोलवा. झाकण जबरदस्तीने उघडू नका, 'फक्त आजचा रन' करू नका. रोटरचा कमाल वेग सहसा १.२ घनतेपर्यंतच्या द्रावणासाठी दिलेला असतो. २.३ मोलर सुक्रोजची घनता सुमारे १.२९, म्हणून कमाल वेग किमान ४ टक्क्यांनी उतरवावा लागतो. समोरासमोरच्या नळ्या त्याच द्रावणाने तोलायच्या, पाण्याने नाही, आणि झुलत्या रोटरच्या सगळ्या बादल्या, रिकाम्यासुद्धा, अडकवायच्या. रोटर आदल्या रात्रीच शीतखोलीत ठेवा. वीज वरखाली होत असताना रन सुरू करू नका. अल्ट्रासेंट्रिफ्यूज दुरुस्तीला गेले तर शोव्हो आणि सहकाऱ्यांची १९५६ ची रीत आहे : नुसत्या २.२ मोलर सुक्रोजमध्ये ४०,००० जी वर तासभर. त्यासाठी चांगले शीत हायस्पीड सेंट्रिफ्यूज पुरते.

किरणोत्सारी बंधन चाचणी : ट्रिशियमयुक्त डेक्सामेथासोनने रिसेप्टर मोजायचा असेल, तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि नेमलेला किरणोत्सार सुरक्षा अधिकारी असलेल्या प्रयोगशाळेतच जा. मागवलेली कुपी स्वतःच्या शीतकपाटात ठेवून काम सुरू करू नका.

आणि तपासणी १ ते १० दोनदा, वेगवेगळ्या प्राण्यांवर, स्वच्छ निघूनही फरक येत नसेल, तर आणखी प्राणी मारू नका. केंद्रकांचा नमुना, सूक्ष्मदर्शकाचे छायाचित्र, डीएनए-प्रथिन गुणोत्तर आणि टायरोसिन अमिनोट्रान्सफरेजचे आकडे घेऊन मास स्पेक्ट्रोमेट्री असलेल्या प्रयोगशाळेतल्या प्रथिनतज्ज्ञाकडे जा. या चार गोष्टी सोबत नसतील तर तोही तुम्हाला आधी हेच करून यायला सांगेल.